विद्यार्थ्यांचे लैंगिक आरोग्य आणि गावातील आदर्श व्यक्ती

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या शरीरात आणि मनात जे बदल घडून येतात, त्यांविषयी त्यांना अनेक प्रश्न पडतात आणि ते पडणे स्वाभाविकही आहे. हे प्रश्न मोकळेपणाने विचारण्याची सोय मात्र आपल्या घरांमध्ये बहुधा नसते. आईवडिलांना संकोच वाटतो. शाळेत प्रजननसंस्थेवरील धडा आला की, तो घरी वाचून येण्यास सांगून शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात. तथापि, प्रश्न अनुत्तरित राहतात असे समजण्याचे कारण नाही. कोणी ना कोणी त्यांची उत्तरे देतच असतो. तालमीतील चार वर्षांनी मोठा असलेला मुलगा, नुकतेच लग्न झालेली नात्यातील बहीण, एस. टी. स्थानकाजवळच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ अशी जाहिरात रंगविणारा भोंदू वैद्य आणि अलीकडच्या काळात हातातील मोबाइल, हे सारे मुलांचे शिक्षक होऊन बसतात. त्यांपैकी कोणाचीही निवड पालकांनी केलेली नसते, शाळेने केलेली नसते आणि पंचायतीनेही केलेली नसते.

विद्यार्थ्यांच्या लैंगिक आरोग्याचा विचार करताना अभ्यासक्रम कोणता असावा, याची चर्चा पुष्कळ होते. तो अभ्यासक्रम ज्यांच्या तोंडून आणि ज्यांच्या वागण्यातून मुलांपर्यंत पोहोचतो, त्या माणसांचा विचार मात्र मागे पडतो. गावात आणि वस्तीत मुले ज्यांच्याकडे आदराने पाहतात, त्यांचा या विषयावर कोणता परिणाम होतो आणि तो हितकारक व्हावा यासाठी काय करता येईल, हे समजून घेणे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य या सर्वांच्याच दृष्टीने अगत्याचे आहे.

लैंगिक आरोग्य म्हणजे काय?

‘लैंगिक आरोग्य’ हा शब्द ऐकताच काही जणांच्या कपाळावर आठी उमटते. या शब्दाचा अर्थ फार संकुचित घेतला जातो, हे त्याचे कारण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार केवळ रोगाचा अभाव म्हणजे लैंगिक आरोग्य नव्हे. शारीरिक, भावनिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याचा त्यात समावेश होतो. शाळकरी मुलामुलींपुरते बोलायचे झाल्यास, मासिक पाळीविषयीची योग्य माहिती व स्वच्छता, वयात येताना होणाऱ्या बदलांची भीती नसणे, संसर्गजन्य रोगांपासून बचाव, लैंगिक अत्याचारापासून संरक्षण, योग्य वयात विवाह आणि दुसऱ्याच्या शरीराविषयी व इच्छेविषयी आदर, या सर्व बाबी लैंगिक आरोग्यात मोडतात.

या प्रश्नाची व्याप्ती आकडेवारीवरून स्पष्ट होते. २०१९–२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाल्याचे आढळून आले. २०१५–१६ च्या चौथ्या पाहणीत हे प्रमाण २६.३ टक्के होते. घट झाली ही समाधानाची गोष्ट असली, तरी अजूनही पाचांपैकी एकीहून अधिक मुलींचे शिक्षण, शरीर आणि भवितव्य अकाली विवाहामुळे धोक्यात येते, हा या आकड्यांचा अर्थ आहे. ऊसतोडीसारख्या कामासाठी कुटुंब सहा-सहा महिने गावाबाहेर राहते, तेव्हा वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याची भीती पालकांना वाटते आणि तिचे लग्न लवकर उरकले जाते. अशा पालकांना केवळ कायद्याचे कलम सांगून भागत नाही. त्यांच्याच वस्तीतील एखाद्या कुटुंबाने मुलीला वसतिगृहात ठेवून शिकविले असेल, तर ते उदाहरण त्यांच्या मनावर अधिक परिणाम करून जाते.

अनुकरणातून शिक्षण

माणूस ऐकून शिकतो त्याहून अधिक पाहून शिकतो, हे आपल्या पूर्वजांना अनुभवाने ठाऊक होते. विसाव्या शतकात मानसशास्त्राने या अनुभवाला शास्त्रीय आधार दिला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये लहान मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. प्रौढ व्यक्ती एका बाहुल्याला मारहाण करताना ज्या मुलांनी पाहिली, त्या मुलांनी पुढे संधी मिळताच तसेच वर्तन केले. त्यांना कोणी तसे करण्यास सांगितले नव्हते. पाहणारा ज्याचे अनुकरण करतो ती व्यक्ती त्याला आपल्यासारखी वाटणारी असावी, तिला समाजात मान असावा आणि तिच्या वागण्याचे चांगले फळ तिला मिळाल्याचे दिसावे, म्हणजे अनुकरणाची शक्यता वाढते, असे या विचारसरणीचे सार आहे.

ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे दूरच्या महापुरुषापेक्षा जवळच्या माणसाचा प्रभाव का पडतो, याचा उलगडा होतो. भिंतीवर टांगलेल्या तसबिरीतील थोर व्यक्तीला मुलगा वंदन करतो. मुलींशी कसे बोलावे, हे मात्र तो कबड्डी संघाच्या कप्तानाकडे पाहून ठरवितो. मुलगी सावित्रीबाई फुले यांच्यावर भाषण करून बक्षीस मिळविते. दहावीनंतर शिकायचे की नाही, हे ठरविताना मात्र तिच्या डोळ्यांसमोर शेजारच्या गल्लीतील परिचारिका झालेली मुलगी असते.

अनुकरण जसे चांगल्याचे होते तसेच वाइटाचेही होते. कुस्तीची परंपरा असलेल्या भागांत तालमीतील वस्तादाचा शब्द मुलांना प्रमाण असतो. शिस्त, व्यायाम, निर्व्यसनीपणा या गोष्टी वस्ताद शिकवितो, त्याचे मोल मोठे आहे. परंतु वीर्याचा एक थेंब रक्ताच्या अनेक थेंबांपासून बनतो आणि झोपेत वीर्यपात झाल्यास शरीर खंगते, हा समजही अशाच आदरणीय मुखांतून पिढ्यान्‌पिढ्या पसरत आला आहे. या वयात झोपेत वीर्यपात होणे ही नैसर्गिक क्रिया असून तिच्यामुळे कोणतीही अशक्तता येत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. हे ज्याला कोणी सांगितलेले नसते, तो मुलगा मनातून खचतो, अभ्यासावरून त्याचे लक्ष उडते आणि अखेर तो भोंदू वैद्याच्या दारात जाऊन पैसे गमावून बसतो. अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने बंदी घातली आहे. तरीही त्या जाहिराती भिंतींवर दिसतात, कारण त्यांना गिऱ्हाईक मिळते. तेच सत्य वस्तादाने आखाड्याच्या कडेला बसून दोन वाक्यांत सांगितले, तर मुलांच्या मनावरील मोठे ओझे उतरेल.

मुलींच्या बाबतीत हेच काम आई, आजी आणि मावशी करीत असतात. पाळीचे कापड कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते अंधारात किंवा इतर कपड्यांखाली वाळत घालण्याची रीत घराघरांतून मुलींना शिकविली जाते. कापड स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळविले पाहिजे, ही आरोग्याची साधी बाब त्या रीतीमुळे मागे पडते. आजीने नातीसमोर स्वतः कापड उन्हात वाळत घातले, तर नातीला वेगळा उपदेश करण्याची गरज उरत नाही.

महाराष्ट्रातील परंपरा

या विषयावर उघडपणे बोलणे ही बाहेरून आलेली कल्पना आहे, असा आक्षेप काही वेळा घेण्यात येतो. महाराष्ट्राचा इतिहास पाहता या आक्षेपात तथ्य नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते नेटाने चालविले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकपदाला मुकावे लागले आणि न्यायालयाची पायरीही चढावी लागली. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला. पण संकोचामुळे कोणाला न विचारता येणारे प्रश्न एका सुशिक्षित, सच्छील माणसाला विचारता येतात, ही जाणीव त्या मासिकाने मराठी वाचकांत निर्माण केली. पुढे शकुंतला परांजपे यांनी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे कार्य प्रदीर्घ काळ केले. विधान परिषदेच्या आणि नंतर राज्यसभेच्या सदस्य म्हणून काम करणाऱ्या एका प्रतिष्ठित स्त्रीने हा विषय हाती घेतल्यामुळे त्याला आपोआप प्रतिष्ठा लाभली.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेल्या कार्याचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून काढलेले निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार असल्याचे त्यात दिसून आले. त्यापूर्वी तपासणी करून घेतलेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. दुखणे अंगावर काढण्याची आणि त्याविषयी मौन पाळण्याची सवय किती खोलवर रुजलेली आहे, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येते. ही सवय लागते ती किशोरवयातच. पुढे डॉ. राणी बंग यांनी किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ हा शिबिरांचा उपक्रम चालविला आणि या विषयावर गंभीरपणे, विनोदाचा किंवा भीतीचा आश्रय न घेता, मोकळेपणाने बोलता येते हे दाखवून दिले.

पाचोडचा अनुभव

गावातील व्यक्ती किती मोठे काम करू शकतात, याचे एक बोलके उदाहरण पैठण तालुक्यातील पाचोड परिसरात पाहावयास मिळाले. हा परिसर तेव्हाच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतो. पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात १२ ते १८ वर्षे वयाच्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा एक वर्षाचा वर्ग चालविला. शाळा सुटलेल्या आणि शेतावर कामाला जाणाऱ्या मुलींकडे त्यात विशेष लक्ष देण्यात आले. मुली दिवसभर कामात असल्यामुळे वर्ग संध्याकाळी एक तास भरत असे. आरोग्य, बालसंगोपन व पोषण यांबरोबरच सामाजिक प्रश्न, स्थानिक संस्थांचे कामकाज आणि व्यवहारातील कौशल्ये यांचा अभ्यासक्रमात अंतर्भाव होता.

या वर्गाचे वैशिष्ट्य असे की, तेथे शिकविण्यासाठी शहरातून तज्ज्ञ आणण्यात आले नाहीत. सातवीपर्यंत वा त्याहून अधिक शिकलेल्या गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. या स्त्रिया मुलींच्या आयांना ओळखत होत्या. त्या रोज त्याच रस्त्याने जात-येत होत्या, त्याच पाणवठ्यावर भेटत होत्या. मुलगी संध्याकाळी कोणाकडे जाते, हे घरच्यांना ठाऊक असल्यामुळे तिला पाठविण्यास पालक राजी झाले. शिवाय, गावातील एक सामान्य शिकलेली स्त्री चार लोकांत उभी राहून बोलते, शिकविते आणि मान मिळविते, हे दृश्य मुलींना रोज पाहावयास मिळाले.

याचा परिणाम विवाहाच्या वयावर दिसून आला. १९९७ ते २००१ या चार वर्षांत कार्यक्रमाच्या क्षेत्रात मुलींच्या विवाहाचे मध्यम वय १६ वरून १७ वर्षांवर गेले आणि एकूण विवाहांपैकी १८ वर्षांखालील मुलींच्या विवाहांचे प्रमाण ८०.७ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर आले. एका वर्षाचा फरक वरवर पाहता लहान वाटेल. परंतु अपुऱ्या वाढीच्या शरीरावर पडणारा गर्भारपणाचा भार एक वर्ष पुढे ढकलला जाणे, ही मुलीच्या जिवाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

क्रीडांगणावरील शिक्षक

मुलींना माहिती देऊन मुलांना वगळले, तर काम अर्धेच राहते. मुलग्यांपर्यंत पोहोचण्याचा एक वेगळा प्रयत्न मुंबईत झाला. ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संस्थेने स्थानिक संस्थांच्या सहकार्याने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ या उपक्रमात शाळांच्या क्रिकेट प्रशिक्षकांना हाताशी धरण्यात आले. पालक आणि शिक्षक यांचे न ऐकणारा मुलगा प्रशिक्षकाचे ऐकतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. या प्रशिक्षकांना आधी स्वतःच्या वागण्याकडे आणि बोलण्याकडे पाहण्यास शिकविण्यात आले. ‘मुलीसारखा काय खेळतोस?’ असे मैदानावर सहज ओरडणारा प्रशिक्षक आपण नकळत काय शिकवितो, याचा विचार करू लागला, म्हणजे पुढचे काम सोपे होते. नंतर सरावाच्या वेळी थोडा वेळ काढून स्त्रियांचा आदर, रागावर ताबा, छेडछाड होत असताना गप्प न राहणे, अशा विषयांवर प्रशिक्षक खेळाडूंशी बोलू लागले.

मुंबईतील ४६ शाळांतील १० ते १६ वर्षे वयाच्या खेळाडूंचा अभ्यास करण्यात आला असता, ज्यांच्या प्रशिक्षकांनी हा उपक्रम राबविला त्या मुलांच्या स्त्री-पुरुष समानतेविषयीच्या दृष्टिकोनात इतरांपेक्षा अधिक सुधारणा झाल्याचे आढळले. वर्तन दृष्टिकोनाइतक्या झपाट्याने बदलत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, मुलांनी मुलींकडे पाहण्याची दृष्टी बदलणे ही त्यांच्या आणि मुलींच्याही लैंगिक आरोग्याची पहिली पायरी होय. ग्रामीण भागात क्रिकेटच्या जागी कबड्डी, खो-खो किंवा कुस्ती घेतली, तर हा प्रयोग कोणत्याही गावात करता येण्यासारखा आहे.

महिला सरपंचाचे उदाहरण

सार्वजनिक पदावरील स्त्रीचा मुलींच्या मनावर होणारा परिणाम पश्चिम बंगालमध्ये अभ्यासण्यात आला आहे. तेथील बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांच्या पाहणीवर आधारलेला हा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या गावांत ग्रामपंचायतीचे प्रमुखपद दोन वेळा स्त्रियांसाठी राखीव होते, तेथे पालकांच्या मुलांविषयीच्या आणि मुलींविषयीच्या आकांक्षांमधील तफावत कमी झाली. किशोरवयीन मुलींच्या स्वतःविषयीच्या आकांक्षाही उंचावल्या. अठराव्या वर्षापूर्वी लग्न न होणे ही त्या आकांक्षांपैकीच एक होती. मुलगे व मुली यांच्या शिक्षणातील अंतरही अशा गावांत नाहीसे झाले.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे राज्यातील हजारो गावांत मुलींना महिला सरपंच पाहावयास मिळते. परंतु सरपंचपद पत्नीकडे आणि कारभार पतीकडे, असे दृश्य असेल तर मुली त्यातूनही धडा घेतात आणि तो धडा उलटा असतो. महिला सरपंचांनी स्वतः ग्रामसभा चालविणे, शाळेला भेट देणे आणि मुलींशी बोलणे, हे या दृष्टीने आरोग्याचेच काम आहे. एका पंचायतीचे पाऊल किती दूरवर पोहोचते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये दाखवून दिले. विधवांच्या बाबतीतील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामसभेने केला आणि त्याच महिन्यात इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे, असे आवाहन करणारे परिपत्रक राज्य शासनाने काढले.

शासकीय योजनांतील स्थान

विश्वासातील व्यक्तीमार्फत माहिती देण्याचे तत्त्व शासकीय कार्यक्रमांतही स्वीकारण्यात आले आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसाचार व अपघातांना प्रतिबंध, व्यसनमुक्ती आणि असंसर्गजन्य रोग ही त्याची सहा क्षेत्रे होत. गावातीलच मुले व मुली निवडून त्यांना समवयस्क मार्गदर्शक म्हणून तयार करण्याची त्यात तरतूद असून अशा मार्गदर्शकाला ‘साथिया’ म्हटले जाते. आशा कार्यकर्ती त्यांना साहाय्य करते. किशोरवयीनांसाठी असलेली आरोग्य केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात.

फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू करण्यात आला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमावयाचे आणि त्यांनी मुलांशी ठरावीक विषयांवर संवाद साधावयाचा, अशी त्याची रचना आहे. प्रजनन आरोग्य व एच. आय. व्ही. प्रतिबंध, स्त्री-पुरुष समानता, हिंसाचारापासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर यांचा त्या विषयांत समावेश आहे.

अशा शिक्षणामुळे मुले बिघडतील, ही भीती पालकांना वाटते. याच भीतीपोटी २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध झाला होता. या शंकेचे समाधान केले पाहिजे, तिची हेटाळणी करू नये. जगभरातील अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. वयाला अनुरूप असे लैंगिकताशिक्षण दिल्याने मुले लैंगिक संबंधांकडे लवकर वळत नाहीत, असेच त्या आढाव्यात दिसून आले. हे पालकांना सांगताना ते कोण सांगतो याला महत्त्व आहे. परिपत्रक वाचून दाखविण्यापेक्षा ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे अशा मुख्याध्यापिकेने किंवा निवृत्त शिक्षकाने पालकसभेत चार शब्द बोलणे अधिक उपयोगी पडते.

साथियांवरच सर्व भार टाकणेही योग्य नव्हे. समवयस्क मित्रामुळे माहिती पसरते आणि बोलण्याचा संकोच कमी होतो. परंतु वर्तन बदलण्यासाठी तेवढे पुरत नाही, असा अनुभव आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न आला, तर तो कोणाकडे न्यावा हे त्याला माहीत असले पाहिजे. साथियामागे आशा, आशेमागे परिचारिका आणि तिच्यामागे वैद्यकीय अधिकारी अशी साखळी अखंड असेल, तरच हे काम टिकते.

विश्वासाच्या मर्यादा आणि कायदा

आदर्श व्यक्तींचे महत्त्व सांगताना एका धोक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मुले ज्यांच्यावर विश्वास ठेवतात, त्यांच्याकडूनच त्या विश्वासाचा घात होण्याच्या घटना घडतात. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी हा मुलाच्या ओळखीतलाच असतो, हे पोलिसांच्या नोंदींवरून वारंवार दिसून आले आहे. नातेवाईक, शेजारी, शिक्षक, प्रशिक्षक, धार्मिक व्यक्ती यांपैकी कोणीही याला अपवाद मानता येत नाही. ‘ते गावातले मोठे माणूस आहेत, ते असे करणार नाहीत,’ या एका वाक्याने कित्येक मुलांची तोंडे बंद झाली आहेत.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आलेल्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला अपराध अधिक गंभीर मानून त्यासाठी वाढीव शिक्षा ठेवण्यात आली आहे. अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. ती न कळविल्यास शिक्षा होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा अपराध लपविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. संस्थेची किंवा गावाची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आपसात मिटविण्याचा अधिकार मुख्याध्यापक, सरपंच किंवा तंटामुक्त समिती यांपैकी कोणालाही नाही. राज्यात १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयान्वये शाळा पातळीवर सखी सावित्री समित्यांची तरतूद करण्यात आली आहे. या समित्या कागदावर न राहता त्यांतील सदस्यांची नावे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावीत.

म्हणून मुलांना आदर करावयास शिकविताना हेही शिकविले पाहिजे की, आदरणीय व्यक्तीचे वागणे चुकीचे वाटल्यास ‘नाही’ म्हणावे, तेथून निघून यावे आणि दुसऱ्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगावे. गावात विश्वासाची एकच जागा असणे धोक्याचे आहे. त्या अनेक असाव्यात, म्हणजे एक दार बंद झाले तर मुलाला दुसरे ठोठावता येईल.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे?

वरील अनुभवांवरून काही गोष्टी प्रत्येक गावात करता येण्यासारख्या आहेत. मुले कोणाचे ऐकतात, हे प्रथम मुलांनाच विचारावे. मोठ्यांनी ठरविलेली यादी आणि मुलांनी सांगितलेली यादी यांत पुष्कळदा अंतर असते. मुलांनी सांगितलेल्या नावांपैकी चारित्र्याने निर्दोष अशा व्यक्ती, मग तो वस्ताद असो, कबड्डीचा प्रशिक्षक असो, अंगणवाडी सेविका असो वा महाविद्यालयात शिकणारी गावची मुलगी असो, निवडून प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करावी. चुकीची माहिती आदरणीय मुखातून आली तर ती अधिक खोल रुजते, म्हणून प्रशिक्षणाशिवाय कोणालाही हे काम देऊ नये.

मुलाने सांगितलेली खाजगी गोष्ट चारचौघांत फुटता कामा नये. एकाची गोष्ट फुटली की इतर दहा जण बोलायचे थांबतात. मात्र अत्याचाराची बाब असेल तर ती गुप्त ठेवता येत नाही, हे मुलाला समजावून सांगावे आणि १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांकडे तत्काळ कळवावे. मुलगे आणि मुली या दोघांसाठी स्वतंत्र आणि काही विषयांवर एकत्रित चर्चा ठेवाव्यात. शाळेत मुलींसाठी दाराला कडी असलेले स्वच्छतागृह आणि त्यात पाणी असावे. ही व्यवस्था नसेल, तर पाळीच्या स्वच्छतेवरील व्याख्यानाला अर्थ राहत नाही.

बालविवाहाच्या बाबतीत पंचायतीची जबाबदारी विशेष आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाखाली ग्रामीण भागात पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, बालविवाह रोखण्याचे अधिकार आहेत. परंतु कायद्याचा हात पोहोचण्यापूर्वी पंचायत सदस्यांचे स्वतःचे वागणे गावाला दिसत असते. ज्या सदस्याने आपल्या मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी लावले, त्याच्या तोंडचा उपदेश कोणी मानणार नाही. ज्याने तिला बारावीपर्यंत व पुढे शिकविले, त्याला उपदेश करण्याची आवश्यकताच भासणार नाही. अल्पवयीन वधूच्या लग्नाचे आमंत्रण नाकारून मांडवात न जाणारा सरपंच ग्रामसभेतील भाषणापेक्षा अधिक बोलून जातो.

लैंगिक आरोग्याचे शिक्षण हे एका तासात किंवा एका शिबिरात उरकण्याचे काम नाही. मुले ते रोज घेत असतात आणि मोठी माणसे, कळत असो वा नसो, ते रोज देत असतात. पाचोडच्या सातवी शिकलेल्या स्त्रियांनी हे काम जाणीवपूर्वक हाती घेतले आणि चार वर्षांत आपल्या परिसरातील मुलींच्या आयुष्याला वेगळे वळण दिले. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, अधिकार नव्हता. गावाचा विश्वास होता आणि त्या विश्वासाला पात्र राहण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली होती. अशा व्यक्ती प्रत्येक गावात आहेत. त्यांना शोधून काढणे, योग्य ज्ञान देणे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणे, एवढे काम शाळा आणि पंचायत यांनी मिळून केले, तर भिंतीवरील भोंदू जाहिरातीपुढे थबकणारा मुलगा आणि पाळी आली म्हणून शाळा सोडणारी मुलगी ही चित्रे इतिहासजमा होण्यास फार काळ लागणार नाही.